वण्ण, प्रकाश आणि अजिंठा : रंगीत छायाचित्रणाच्या कलामूल्याचा इतिहास

अजिंठ्याच्या लेण्यांविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. त्यांचे स्थापत्य, त्यांतील जातककथा, वाकाटकांचा आश्रय, दान देणाऱ्या उपासकांचे आणि भिक्खूंचे शिलालेख, या सर्वांची चर्चा अभ्यासकांनी केली आहे. एक साधी गोष्ट मात्र या चर्चेत सहसा येत नाही. आपल्यापैकी बहुसंख्यांना ही चित्रे प्रथम दिसली ती लेण्याच्या भिंतीवर नव्हे, तर छापील कागदावर. विहारातील तसबीर, वर्षारंभाचे कॅलेंडर, शालेय पुस्तकाचे मुखपृष्ठ, पर्यटन खात्याचे भित्तिपत्रक, अशा कोणत्या तरी रंगीत छायाचित्रातून पद्मपाणी आपल्या घरात आला. प्रत्यक्ष दर्शन पुढे घडले तेही त्या छायाचित्राशी ताडून पाहूनच घडले. ‘फोटोत रंग जास्त चांगले दिसतात’ असे उद्गार पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उभे राहून काढणारे यात्रेकरू प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकले आहेत.

तेव्हा प्रश्न असा की, हे रंगीत छायाचित्र म्हणजे नेमके काय? भिंतीची निर्जीव नक्कल, की ज्याने ते घेतले त्याच्या दृष्टीचा आणि निर्णयाचा आविष्कार? पाश्चात्त्य कलाविश्वाने या प्रश्नावर जवळजवळ सत्तर वर्षे वाद घातला आणि १९७६ नंतर कुठे रंगीत छायाचित्रणाला गंभीर कलामाध्यम म्हणून मान्यता दिली. अजिंठ्याच्या चित्रांचा प्रतिकृति-इतिहास या वादावर वेगळाच प्रकाश टाकतो, असे माझे मत आहे.

प्रारंभी शब्दाचा विचार करू. पालीतील ‘वण्ण’ या शब्दाला रंग, कांती, प्रशंसा आणि समाजातील वर्ग असे अनेक अर्थ आहेत. अभिधम्मात चक्षूचा जो विषय सांगितला आहे तो म्हणजे वण्ण. डोळ्याला वस्तू दिसत नाही, रंग दिसतो, आणि वस्तूची कल्पना मन नंतर करते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात नील, पीत, लोहित आणि ओदात अशी चार रंगकसिणे ध्यानाचे आलंबन म्हणून येतात. हा ग्रंथ इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, आणि अजिंठ्याची बहुतांश प्रसिद्ध चित्रेही त्याच शतकातली. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव होता असे मी म्हणत नाही. परंतु रंगाकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारी परंपरा आणि रंगांनी भरलेल्या त्या भिंती समकालीन होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुसरीकडे अस्सलायन सुत्तात तोच ‘वण्ण’ शब्द चातुर्वर्ण्याच्या अर्थाने येतो आणि तथागत जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाचा दावा एकेका प्रश्नाने निरुत्तर करतात. वर्ण म्हणजे कातडीचा रंग, हा पाश्चात्त्य पंडितांचा सिद्धांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात नाकारला, हेही येथे नोंदवले पाहिजे. रंग आणि माणसाची प्रतवारी यांची सांगड किती घातक असते, याचा संबंध छायाचित्रणाशीही पोहोचतो; त्याकडे पुढे वळू.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने तेथील खांबावर आपले नाव व तारीख कोरली. ‘अजिंठ्याचा शोध’ म्हणून जी घटना सांगितली जाते ती ही. ज्या खांबावर हे नाव कोरले त्यावर बुद्धप्रतिमा रंगविलेली होती, हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. पुढे १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे पश्चिम भारतातील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला, आणि त्याची परिणती म्हणून कंपनी सरकारने १८४४ साली रॉबर्ट गिल या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. गिल यांनी जवळजवळ दोन दशके हे काम केले. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत केलेल्या त्या प्रतिकृती लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित झाल्या, आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांतील बहुतेक सर्व जळून गेल्या.

यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार या चमूत होते. सुमारे तीनशे प्रतिकृती तयार झाल्या. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात ठेवण्यात आल्या. आणि १८८५ मध्ये तेथेही आग लागून त्यांतील अनेक प्रतिकृती नष्ट झाल्या. एकाच चित्रसंपदेच्या दोन पिढ्यांच्या प्रतिकृती एकाच शहरात, वीस वर्षांच्या आत, दोन वेगवेगळ्या आगींत जळाव्यात, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. उरलेल्या कामाच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. मात्र जाता जाता एक गोष्ट त्यांच्या नावावर जमा झाली. चित्रे अधिक उठून दिसावीत म्हणून त्यांच्या काळात भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले. पुढे १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांची पडझड थांबवली, पण लाखेचा थरही दिला. हे थर काळाबरोबर पिवळे-तपकिरी होत गेले. अजिंठ्याचे चित्रकार मंद, पिवळसर, मातकट रंगांचे भोक्ते होते, अशी जी समजूत काही जुन्या पुस्तकांत आढळते तिचे एक मूळ या व्हार्निशात आहे.

गिल यांनी १८५०च्या दशकात कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये लंडनहून निघालेल्या, फर्ग्युसन यांच्या मजकुरासह छापलेल्या पुस्तकांत त्यांची छायाचित्रे आहेत. ती मुख्यतः दर्शनी भाग, स्तंभ आणि शिल्पे यांची आहेत. चित्रित भिंतींपुढे तो कॅमेरा हतबल होता. अंधार हे त्याचे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. त्या काळच्या काचेच्या ओल्या प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असत. लाल प्रकाश त्यांना दिसतच नसे. आता अजिंठ्याची रंगपेटी पाहा. भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर गेरूचा तांबडा, रामरजाचा पिवळा, हिरव्या मातीचा हिरवा, काजळीचा काळा, चुना वगैरेंचा पांढरा; पाचव्या शतकातील लेण्यांत यांच्या जोडीला अफगाणिस्तानातील बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्दाचा निळा. लाल न दिसणाऱ्या प्लेटेवर गेरू काळा उमटणार आणि लाजवर्द जवळजवळ पांढरा. चित्रकाराने जेथे उष्ण, पुढे येणारा रंग ठेवला तेथे काळे विवर, आणि जेथे खोल निळाई ठेवली तेथे कोरा कागद! पुढे सर्व रंग टिपणाऱ्या कृष्णधवल फिल्मा आल्या तेव्हाही अडचण पुरती सुटली नाही, कारण मग गेरू आणि हिरवी माती एकाच करड्या छटेत विरघळू लागल्या. अजिंठ्याच्या चित्रकाराने अनेक ठिकाणी आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यातील भेद उजेड-अंधाराने न करता केवळ रंगभेदाने केला आहे. तेथे कृष्णधवल छायाचित्र मौन पाळते.

रंगीत छायाचित्रणाचे तत्त्व मात्र तोवर सापडलेले होते. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेल्या तीन प्रतिमा पडद्यावर एकत्र करून एका रंगीत फितीचे चित्र दाखविले. १९०७ मध्ये फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम ही काचेची प्लेट बाजारात आणली. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण तीन रंगांत रंगवून काचेवर पसरायचे आणि त्या कणांमधून प्रकाश गाळून घ्यायचा, अशी ती युक्ती होती. अल्बेर कान या फ्रेंच धनिकाने याच प्लेटा देऊन छायाचित्रकारांना जगभर धाडले. १९०९ ते १९३१ या काळात सुमारे ७२,००० रंगीत प्लेटांचा संग्रह जमला, आणि त्यांतील काही १९१३-१४ मध्ये भारतात घेतलेल्या आहेत. त्यापूर्वी, १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत, लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकारांना घेऊन अजिंठ्याच्या नव्या प्रतिकृती केल्या. हातातील कुंचला आणि कॅमेरा यांची शर्यत अशी बराच काळ समांतर चालली होती.

शर्यतीचा निकाल लागला तो हैदराबाद संस्थानात. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी ठरविले की या वेळी आधार चित्रकाराच्या हाताचा नव्हे, छायाचित्राचा घ्यायचा. ई. एल. व्हॅसी या छायाचित्रकाराने १९२०च्या दशकात हे काम केले, आणि ‘अजंता’ या ग्रंथाचे चार भाग १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ या वर्षांत निघाले. रंगीत आणि एकरंगी प्रतिकृती छायाचित्रणावर आधारित आहेत, हे ग्रंथाच्या नावातच अभिमानाने सांगितले आहे. पंचवीस वर्षांचा हा प्रकल्प म्हणजे भारतातील रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण होय. तथापि छायाचित्रणाच्या इतिहासकारांनी ते पुरातत्त्वाच्या खात्यात टाकले आणि पुरातत्त्वज्ञांनी व्हॅसी यांना तंत्रज्ञ मानून दुर्लक्षिले. माझ्या मते दोघांचेही चुकले.

हे अवाढव्य, किमती खंड कोणाच्या हाती पडत होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पहिल्या आणि तिसऱ्या भागांच्या दरम्यान, १९३४ साली, बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी त्याच संस्थानातून प्रवास करीत होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाकीतील पाण्याने हातपाय धुतल्यावरून काय प्रसंग ओढवला आणि किल्ल्यात फिरताना पाण्याला शिवू नये म्हणून त्यांच्याबरोबर शिपाई कसा देण्यात आला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एका बाजूला बौद्ध चित्रकलेचे राजेशाही खंड छापणारे राज्य, आणि दुसऱ्या बाजूला बौद्ध लेणी पाहायला निघालेल्यांना पाणी नाकारणारा त्याच राज्यातील समाज. या पार्श्वभूमीवर स्वस्त रंगीत छापील चित्र घरोघरी पोहोचले, याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता कलाविश्वातील वादाकडे येऊ. १९३५-३६ मध्ये कोडाक्रोम फिल्म आली आणि रंगीत छायाचित्र घेणे कोणालाही शक्य झाले. नेमके येथेच अभिजनांचे नाक मुरडले. त्यांचे आक्षेप तीन होते आणि ते पूर्णपणे पोकळ नव्हते. रंग म्हणजे जाहिरात आणि हौशी सहल, हा पहिला. थोर अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी तर रंगीत छायाचित्रणाला सरळ असभ्य ठरविले होते, जरी उतारवयात त्यांनी स्वतःच रंगीत झटपट कॅमेरा आनंदाने वापरला. दुसरा आक्षेप नियंत्रणाचा. कृष्णधवल छायाचित्रकार अंधारखोलीत स्वतःच्या हाताने प्रकाश-छाया घडवितो. कोडाक्रोमची फिल्म मात्र कारखान्यात पाठवावी लागे आणि रंग तेथील रसायने ठरवीत. तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. रंगीत प्रतीतील रंग उडतात. ज्यांच्या घरी १९७० ते १९८५च्या दरम्यानचे लग्नाचे किंवा धम्म परिषदेचे रंगीत फोटो आहेत, त्यांना या तिसऱ्या आक्षेपाचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. निळसर द्रव्य आधी नष्ट होते आणि साऱ्या सभेवर तांबूस धुके पसरते.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६२ मध्ये अर्न्स्ट हास यांची रंगीत छायाचित्रे दाखविली. परंतु खरी खळबळ उडाली ती १९७६ मध्ये, विल्यम एगल्स्टन यांच्या प्रदर्शनाने. अमेरिकेच्या दक्षिणेतील तीनचाकी सायकल, भट्टीचे उघडे दार, सामान्य घरे, असले विषय, आणि महागड्या डाय-ट्रान्स्फर पद्धतीने छापलेले तीव्र रंग. समीक्षकांनी झोड उठविली. संग्रहालयाचे जॉन शारकोव्स्की यांचे म्हणणे एवढेच होते की, या माणसाला रंग हा दृश्याला नंतर चिकटवलेला अलंकार वाटत नाही. तो दृश्याबरोबरच रंग पाहतो. पुढल्या पिढीने तेच प्रमाण मानले. आपल्याकडे रघुबीर सिंह यांनी (१९४२-१९९९) आयुष्यभर रंगीत फिल्मच वापरली आणि मुंबईपासून गंगेपर्यंतचा भारत टिपला. भारतीय दृष्टीला रंग परका कधीच नव्हता, कृष्णधवलाची उदासी ही पश्चिमेची देणगी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो जरा जास्तच ताणलेला आहे असे मला वाटते. दुःखाचा विचार काही पश्चिमेहून आला नाही. तरीही त्यांचे मुख्य प्रतिपादन, म्हणजे रंगाला हलके समजण्याचे आम्हाला कारण नाही, हे अजिंठ्याकडे पाहता मान्य करावे लागते.

मात्र १९७६ हे वर्ष प्रमाण मानताना एक नाव मागे पडते. गॉर्डन पार्क्स हे ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार-वर्गातील पहिले कृष्णवर्णीय. १९५६च्या उन्हाळ्यात ते अलाबामा राज्यात गेले आणि वंशभेदाच्या कायद्याखाली जगणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे त्यांनी रंगीत फिल्मवर घेतली. २४ सप्टेंबर १९५६च्या अंकात ती प्रसिद्ध झाली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अवघे वीस दिवस आधी. मोबील शहरातील एका दुकानाबाहेर उत्तम, फिकट रंगाच्या पोशाखातील एक स्त्री आणि एक लहान मुलगी उभ्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर लाल नळीदिव्यांच्या अक्षरांत लिहिले आहे, ‘रंगीतांसाठी प्रवेशद्वार’. इंग्रजीत ‘कलर्ड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि छायाचित्रकाराने दोन्ही एका चौकटीत आणून ठेवले आहेत. कृष्णधवलात हे दृश्य एक पुरावा झाले असते. रंगांमुळे ती माणसे आपल्या समोरच्या दुकानाबाहेर आजच उभी असल्यासारखी वाटतात. पोशाखाची निगा, मुलीच्या उभे राहण्यातील सोज्ज्वळपणा, आणि त्यांवर तो झगझगीत अपमान. अंक निघाल्यावर छायाचित्रांतील एका कुटुंबातील शिक्षिकेची नोकरी गेली आणि त्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. आपल्या वाचकांना यासाठी ‘बहिष्कार’ हा शब्द माहीत आहे. यांतील बहुतेक पारदर्शिका हरवल्या असे मानले जात होते. पार्क्स यांचे २००६ मध्ये निधन झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानला एका पेटीच्या तळाशी अनेक पारदर्शिका सापडल्या. त्यानंतर कुठे त्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या.

पार्क्स यांच्या कामाला आणखी एक अदृश्य अडथळा होता, आणि येथे वण्णाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. रंगीत फिल्म ही तटस्थ वस्तू नव्हे. तिची रसायने कोणत्या छटांना न्याय देतील हे कोणीतरी ठरवावे लागते. छपाईच्या प्रयोगशाळांत रंग जुळविण्यासाठी एक प्रमाण-पत्र असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि ‘शर्ली’ या नावाने ते पत्र ओळखले जाई. तिची कांती नीट आली की छपाई नीट आली. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांतील बारकावे त्यामुळे बुडून जात. गोरा आणि काळा माणूस एका चौकटीत असले तर काळ्याचे केवळ डोळे आणि दात उरत. फिल्ममध्ये गडद छटांची सुधारणा झाली ती पुष्कळ उशिरा, आणि तिला चॉकलेट व लाकडी सामान बनविणाऱ्या जाहिरातदारांच्या तक्रारींनीही गती दिली, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. माणसांच्या गाऱ्हाण्याला जे जमले नाही ते खुर्च्या-टेबलांना जमले!

अजिंठ्याच्या भिंतीवर नेमकी उलट दृष्टी आहे. तेथे गौर, गव्हाळ, तांबूस, हिरवट आणि गडद सावळ्या आकृती शेजारी शेजारी आहेत, आणि सावळ्या कांतीवर चित्रकाराने तितकेच, किंबहुना अधिक कष्ट घेतले आहेत. गालाची वळणे छटांच्या चढउतारांनी घडविली आहेत, नाकाच्या दांड्यावर आणि ओठांवर उजळ स्पर्श ठेवले आहेत. पहिल्या लेण्यातील सावळी राजस्त्री ही त्या चित्रकाराच्या सौंदर्यकल्पनेच्या केंद्रस्थानी आहे, दासीच्या कोपऱ्यात नव्हे. ही छटांची शिडी कागदावर उतरवायची तर छायाचित्रकाराला पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात. पद्मपाणीचा चेहरा उजळ ठेवावा तर सावळी आकृती अंधारात जाते. तिला वर आणावे तर पद्मपाणी फिकट होतो. प्रखर दिव्याखाली घेतलेल्या अनेक जुन्या चित्रांत दोघांचेही सपाटीकरण झाले आहे. ‘कॅमेरा जे आहे ते दाखवितो’ या वाक्याचा फोलपणा समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

१९५४ मध्ये युनेस्कोने अजिंठ्यावर मोठ्या आकाराचे रंगीत पुस्तक काढले. त्याला जवाहरलाल नेहरू यांची प्रस्तावना आणि मदनजीत सिंग यांचे विवेचन होते. जगभरच्या ग्रंथालयांत अजिंठा पोहोचविण्याचे काम त्या पुस्तकाने केले. छायाचित्रणाच्या दृष्टीने पुढचे मोठे पाऊल १९९१च्या सुमारास बिनॉय बहल यांनी टाकले. लेण्यात मुळात असणारा अत्यंत मंद प्रकाश हाच छायाचित्राचा प्रकाश मानायचा, फ्लॅश किंवा प्रखर दिवा वापरायचा नाही आणि फिल्म दीर्घ काळ उघडी ठेवायची, ही त्यांची पद्धत होती. सांगायला ही सोपी वाटते. परंतु रंगीत फिल्मचे तीन थर असतात आणि दीर्घ काळ प्रकाश दिल्यास ते तिन्ही सारख्या गतीने थकत नाहीत. त्यामुळे संपूर्ण चित्र एखाद्या रंगाकडे झुकते. शिवाय लेण्यात येणारा प्रकाश अंगणाच्या जमिनीवरून आणि खडकावरून परावर्तित होऊन उबदार झालेला असतो, तर सामान्य फिल्म दुपारच्या उन्हासाठी जुळविलेली असते. हे सारे हिशेबात धरून घेतलेली चित्रे १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा छतावरील आणि कोपऱ्यांतील असे तपशील दिसले की, जे आयुष्यभर अजिंठ्याला जाणाऱ्यांच्याही दृष्टीस पडले नव्हते. नियंत्रण नाही हा कलाविश्वाचा दुसरा आक्षेप येथे गळून पडतो. कॅमेऱ्याचे झाकण किती वेळ उघडे ठेवायचे, या एका निर्णयात वर्षानुवर्षांचे पाहणे साठलेले असते.

या संदर्भात एक आठवण सांगतो. १९८०च्या दशकात आमच्या वस्तीतील उपासकांची सहल अजिंठ्याला गेली होती. लेण्यात तेव्हा पुरेसे दिवे नव्हते. एक वृद्ध वाटाड्या बाहेर उन्हात आरसा धरून उभ्या असलेल्या मुलाला हाक मारी. उन्हाचा कवडसा आत येई, पांढऱ्या कागदावर आपटून भिंतीवर पसरे, आणि सतराव्या लेण्यातील राहुल आणि यशोधरेपुढे भिक्षापात्र घेऊन उभे असलेले तथागत क्षणभर उजळत. कवडसा थरथरत असल्याने चित्रही श्वास घेत असल्यासारखे वाटे. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने साध्या कॅमेऱ्याने रंगीत फोटो घेतला. त्यात फक्त पिवळा डाग आला. तो फोटो अजून माझ्याजवळ आहे, आणि आता तर तो डागही तांबूस झाला आहे. त्याउलट दहाव्या लेण्यातील सर्वांत जुन्या चित्रांचे गेरू आणि हिरवी माती दोन हजार वर्षांनंतरही आपल्या जागी आहेत. टिकाऊपणाचा तिसरा आक्षेप काही खोटा नव्हता. २००९ मध्ये कोडाक्रोमचे उत्पादन थांबले आणि २०१०च्या अखेरीस अमेरिकेतील शेवटच्या प्रयोगशाळेने ती धुणेही बंद केले. त्यानंतर संगणकीय प्रतिमा हाच मुख्य मार्ग उरला. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अशा प्रतिमांवरून अजिंठ्याच्या चित्रांचे गळालेले भाग संगणकावर पुन्हा उभे करण्याचे दीर्घ काम हाती घेतले आहे. भिंतीला हात न लावता केलेली ही पुनर्रचना स्वागतार्ह आहे. फक्त कोणता भाग चित्रकाराचा आणि कोणता आजच्या अनुमानाचा, ही रेषा पाहणाऱ्याला प्रत्येक वेळी स्पष्ट दिसली पाहिजे.

रंग चढविण्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. बाबासाहेबांची आपल्या घराघरांत असलेली जी छायाचित्रे आहेत, ती मुळात बहुतेक कृष्णधवल. त्यांच्या कोटाला निळा रंग दिला तो कॅलेंडरांच्या आणि भित्तिपत्रकांच्या चित्रकारांनी. हा रंग कोणत्याही फिल्मने टिपलेला नाही. समाजाने तो निवडला आहे. त्या अनामिक रंगाऱ्यांच्या कामाचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही.

अजिंठ्याच्या अभ्यासकांना मात्र एक प्रयोग आजही करता येण्यासारखा आहे. ज्या ग्रंथालयात यझदानी यांचे खंड, युनेस्कोचे पुस्तक आणि बहल यांचे पुस्तक अशी तिन्ही उपलब्ध असतील, तेथे सतराव्या लेण्याची चित्रे तिन्हींतून काढून एकाच मेजावर ठेवावीत. नळीदिवे बंद करावेत, खिडकी उघडावी आणि दुपारचा प्रकाश येऊ द्यावा. तीन पुस्तकांत काषाय वस्त्राचे तीन रंग दिसतील. त्यांतला लेण्यातील भिंतीच्या जवळचा कोणता, हे ठरविण्यासाठी त्यानंतर अजिंठ्याला जाऊन लेण्याच्या दारापाशी थोडा वेळ डोळे मिटून बसावे, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी, आणि मग आत जावे.